सूज उतरली का, हे दर महिन्याच्या सीटीला विचारायचं का?

(ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा सारांश)

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे : "बाबा ६७ वर्षांचे. होळीनंतर कोरडा खोकला सुरू झाला, मग जिना चढताना दम लागू लागला. मे महिन्यात पंधरा दिवस मोठ्या बहिणीकडे पुण्याला होते तेव्हा खोकला बराच कमी होता. हवापालट मानवला असं आम्ही समजलो. घरी परतले आणि आठवडाभरात पुन्हा तेच. दिवसभर कूलरसमोर बसूनही धाप लागायची. जूनअखेर एचआरसीटी (छातीचा बारीक कापांचा सीटी) झाला. रिपोर्टमध्ये दोन्ही फुफ्फुसांत ग्राउंड ग्लास, मोझेक पॅटर्न, खालच्या भागात थोडं रेटिक्युलेशन आणि शेवटी 'एचपी किंवा एनएसआयपी असू शकतं' असं लिहिलंय. छातीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं, महिनाभरात दम कमी झाला. ते म्हणतात, तीन महिन्यांनी फुंकायची टेस्ट करू, चालवून बघू, सीटीचं नंतर ठरवू. भावाला हे पटत नाही. सूज किती उतरली हे दर महिन्याला सीटी काढल्याशिवाय कळणार कसं, असं तो विचारतो. नाहीतर एकदा पेट-सीटीच करून टाकू, त्यात सूज थेट दिसते, असं त्याने वाचलंय. आई म्हणते, एकदा किरणं घेतली तेवढी पुरे. मी मध्ये अडकले आहे. स्कॅन केला नाही तर बाबांची हयगय होतेय असं वाटतं. कोणाचं ऐकू?"

ताई,

तुमच्या घरात तिघांची तीन मतं आहेत, पण तिन्हींच्या तळाशी समजूत एकच आहे : सीटी म्हणजे फुफ्फुसातली सूज मोजणारं मीटर. भावाला ते मीटर सारखं बघायचंय, आईला ते बघणं महागात पडेल अशी भीती आहे, आणि न बघितल्याची टोचणी तुम्हाला लागली आहे. ही समजूत आपल्याकडे बरीचशी कोविडच्या दिवसांतून आली. तेव्हा रामदासपेठ-धंतोलीतल्या दवाखान्यांपासून गल्लीतल्या ओट्यापर्यंत पहिला प्रश्न असायचा, "स्कोर किती आला?" तो २५ पैकीचा स्कोर म्हणजे फुफ्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी ० ते ५ गुण, किती भागावर सावली पडली आहे याचा डोळ्यांनी बांधलेला अंदाज. सावली कशामुळे पडली हे त्यात नव्हतंच. तेव्हा ते विचारायची गरजही नव्हती, आजार ठाऊक होता. बाबांच्या बाबतीत नेमकं कारणच अजून पक्कं झालेलं नाही : एचपी आणि एनएसआयपी हे फुफ्फुसातल्या दाहाचे दोन वेगळे आजार आहेत.

सीटी मोजतो ती घनता. हवेला उणे १०००, पाण्याला ०, असे हाउन्सफील्ड यांच्या नावाचे आकडे त्यासाठी वापरतात. (सीटीसाठी त्यांना आणि कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं.) निरोगी फुफ्फुस श्वास भरलेला असताना उणे ८०० च्या आसपास असतं, म्हणजे बहुतेक हवाच. पडद्यावर ते काळं दिसतं आणि त्यात रक्तवाहिन्या झाडाच्या पांढऱ्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. ग्राउंड ग्लास म्हणजे त्या काळ्यावर आलेला राखाडी धुरकटपणा, बाथरूमच्या खिडकीला बसवतात त्या घासलेल्या काचेसारखा. त्यातून फांद्या दिसत राहतात. फांद्याच झाकल्या गेल्या तर त्याला कन्सॉलिडेशन म्हणतात.

हा धुरकटपणा दाहामुळे, म्हणजे तुम्ही जिला सूज म्हणता तिच्यामुळे, येतो, तसाच तो हृदय कमजोर झाल्याने साचलेल्या पाण्यामुळे, वायुकोशांत रक्त झिरपल्यामुळे किंवा सीटीला वेगळे न दिसणाऱ्या अगदी बारीक व्रणतंतूंमुळेही येतो. आणि पाचवं कारण सर्वांत साधं : माणसाने श्वास पूर्ण भरलेला नसणं. हवा कमी भरली की निरोगी फुफ्फुसही राखाडी दिसतं.

म्हणून जाणकार रेडिओलॉजिस्ट श्वासनलिकेचा आकारही बघतात. श्वास भरलेला असेल तर नलिका गोल दिसते. सोडलेला असेल तर तिची मागची भिंत आत दबते आणि चंद्रकोरीसारखा आकार होतो. कोरडा खोकला असलेल्या माणसाला "श्वास घ्या, रोखा" म्हटलं की नेमका त्याच क्षणी ठसका येतो. मग वाहिन्यांच्या कडा दुहेरी होतात आणि खालच्या भागात नसलेली सावली उमटते. त्या चित्राशी पुढच्या महिन्याचं नीट आलेलं चित्र ताडून पाहिलं तर "सूज उतरली" असं वाटेल, आणि प्रत्यक्षात उतरलेलं काहीच नसेल.

आता बाबांच्या रिपोर्टातल्या शब्दांकडे या. रेटिक्युलेशन म्हणजे जाळीसारख्या बारीक रेषा, आणि त्या बहुधा व्रणाच्या असतात. त्यांच्यासोबत श्वासनलिकांच्या फांद्या ओढल्यासारख्या वेड्यावाकड्या रुंद झाल्या असतील (ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिस) किंवा मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसत असतील, तर तो भाग औषधाने पूर्ववत होत नाही. ग्राउंड ग्लास मात्र खरोखर दाहाचा असेल तर काही आठवड्यांत-महिन्यांत विरळ होतो. म्हणजे उपचार उत्तम लागू पडला तरी बाबांच्या चित्रात थोडी सावली राहू शकते. दर महिन्याला सीटी काढलात तर ती उरलेली सावली दर महिन्याला दिसेल, रिपोर्टात दर महिन्याला लिहून येईल, आणि घरातून स्टेरॉइड वाढवा असा आग्रह सुरू होईल. आमच्या मते भावाच्या योजनेतला खरा धोका हा आहे. किरणांचा मुद्दा त्याच्या नंतरचा.

तरी किरणांचं गणित मांडू, कारण आईंची काळजी रास्त आहे, फक्त मापात घ्यायला हवी. छातीच्या नेहमीच्या सीटीला साधारण ५ ते ७ मिलिसीव्हर्ट, कमी मात्रेच्या सीटीला दीड किंवा त्याहून कमी. जमिनीतून, हवेतून, अन्नातून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक सीटी ही दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढी, आणि ६७ व्या वर्षी गरजेच्या एका सीटीला घाबरायचं कारण नाही. सहा महिने दरमहा काढल्या तर बेरीज ३० ते ४२ वर जाते, आणि त्यातून उपचारात बदल शून्य. सीटीनंतर अंगात काही उरत नाही हेही आईंना सांगा. नातवंडं बाबांच्या मांडीवर बसू शकतात. पुढे डॉक्टरांनी कारण सांगून सीटी लिहून दिली तर ती अडवू नये, एवढं त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या.

पेट-सीटीबद्दल भावाने वाचलेलं खोटं नाही. त्यात फ्लोरीन-१८ लावलेली साखर शिरेतून देतात, तासभर थांबतात आणि ती कुठे जास्त खाल्ली गेली ते बघतात. दाह घडवणाऱ्या पेशी साखर खूप खातात, म्हणून दाहाची जागा उजळते. पण टीबीची गाठ उजळते, कर्करोग उजळतो, साधा न्यूमोनियाही उजळतो. शिवाय फुफ्फुसाची स्वतःची अडचण आहे. त्याच्या एका घन सेंटिमीटरात पाऊण भाग किंवा त्याहून जास्त हवाच असते, त्यामुळे साखर किती खाल्ली गेली याचा आकडा मुळातच कमी येतो. आजाराने तिथे ऊती किंवा पाणी वाढलं की पेशी आधीइतक्याच शांत असल्या तरी आकडा वर जातो. त्यात पेटचं चित्र मिनिटंच्या मिनिटं चालतं, माणूस श्वास घेत राहतो, आणि डायफ्रामजवळचा भाग पुसट होतो. बाबांचा रेटिक्युलेशनचा भाग नेमका खालीच आहे. संशोधक हवेच्या प्रमाणाची दुरुस्ती करून पंधरा-वीस लोकांच्या गटात औषधाचा परिणाम मोजतात, तिथे हे साधन मोलाचं आहे. एका माणसाची गोळी कमी करायची की वाढवायची, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

बाबा स्टेरॉइडवर आहेत हेही लक्षात घ्या. स्टेरॉइडने दाहपेशी दबतात आणि रक्तातली साखर चढते. पेटसाठी चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं आणि साखर २०० च्या खाली लागते. चढलेल्या साखरेत आधीच मंद असलेलं चित्र आणखी मंद होतं. सार्कॉइडोसिसचा (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी करणाऱ्या आजाराचा) संशय, विशेषतः हृदयाचा, किंवा कर्करोगाची शंका, किंवा बायोप्सी कुठून घ्यायची हा प्रश्न, अशा वेळी पेट-सीटी योग्य. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. आणि किरणं नकोत म्हणून एमआरआय सुचवला गेला तर : फुफ्फुसात पाणी कमी, हवा जास्त, त्यामुळे एमआरआयचा सिग्नल एक-दोन मिलिसेकंदांत विरून जातो. झेनॉन वायू हुंगवून हवा कुठे पोचते ते दाखवणाऱ्या तंत्राला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, पण बाबांच्या रोजच्या उपचाराशी त्याचा आज संबंध नाही.

आता पत्रातली ती ओळ, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात : पुण्यात पंधरा दिवस खोकला कमी, घरी येताच आठवड्यात पुन्हा सुरू, आणि दिवसभर कूलरसमोर.

रिपोर्टातलं एचपी म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासातून रोज आत जाणाऱ्या बुरशीच्या, जिवाणूंच्या किंवा पक्ष्यांच्या विष्ठेतल्या कणांवर फुफ्फुस चिडतं, आणि चिडत राहिलं तर व्रण धरतं. मोझेक पॅटर्न त्याच्याशी जुळतो. बारीक नलिका आकसल्यामुळे काही तुकड्यांत हवा कोंडते, ते काळे राहतात आणि बाजूचे राखाडी दिसतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या २७ केंद्रांच्या नोंदणीत फुफ्फुसाच्या ऊतींत दाह किंवा व्रण करणाऱ्या सगळ्या आजारांचे मिळून १,०८४ रुग्ण होते. त्यांत सर्वांत जास्त, सुमारे ४७ टक्के, एचपीचे निघाले, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी किंवा कामाच्या जागी कूलर होता. नागपूरकरांनी हा आकडा जपून वाचावा. कूलर असणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, नाहीतर अर्धं शहर खोकत बसलं असतं. पण ज्याला झाला आहे त्याच्या खिडकीतला कूलर हा पहिला संशयित.

उद्या सकाळी कूलरची बाजूची जाळी काढून ताटी जवळून बघा. वाळ्याची असो, लाकडाच्या भुश्याची असो की कागदी पॅडची, कडेला काळे-हिरवे ठिपके, हाताला बुळबुळीत थर, टाकीच्या तळाशी गाळ आणि कुबट वास, हे चारपैकी काही आहे का? आणखी एक सवय आपल्या घरोघरी आहे. पावसाळ्यात उकडतं म्हणून पाणी न भरता नुसता कूलरचा पंखा लावायचा. उन्हाळ्यात ओल्या ताटीवर वाढलेली बुरशी आता वाळलेली असते, आणि तो पंखा ती थेट पलंगावर फेकतो. बाबांच्या खोलीत हे चालू असेल तर आजच बंद करा.

कूलर काढण्याचं काम बाबांनी करायचं नाही, त्या वेळी त्यांनी घरातही थांबायचं नाही. करणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा. ताट्यांवर पाणी मारून त्या ओल्या कराव्यात म्हणजे धूळ उडणार नाही, पिशवीत बांधून बाहेर टाकाव्यात, आणि कूलर माळ्यावर न ठेवता घराबाहेर काढावा. नुसत्या ताट्या बदलून भागेल का, असं तुम्ही विचाराल. निरोगी माणसांच्या घरात दर हंगामात ताट्या बदलणं, रोज टाकी रिकामी करणं आणि आठवड्याला घासणं ठीक आहे. एचपीचा दाट संशय असलेल्या माणसासाठी ते पुरेसं नाही. पुढच्या मार्चच्या आत बाबांच्या खोलीपुरता एसी बसवता आला, तर आम्ही पेट-सीटीचे पैसे तिकडे वळवू. एसीची जाळी मात्र हंगामात दर पंधरा दिवसांनी धुवायची.

कूलरवरच थांबू नका. फ्लॅटच्या डक्टमध्ये किंवा बाथरूमच्या खिडकीवर कबुतरं आहेत का? गादी-उशीत पिसं? भिंतीला ओल? घरात धान्य वाळवणं, जुनी पुस्तकं झाडणं? आणि बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी, अगदी लघवीच्या इन्फेक्शनसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या नायट्रोफ्युरँटॉइनसह. ते औषध, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, यांनीही फुफ्फुसात असा दाह होऊ शकतो. मात्र कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. सांधे सकाळी आखडतात का, थंड पाण्यात बोटं पांढरी पडतात का, हेही विचारा, कारण एनएसआयपी (नॉन-स्पेसिफिक इंटरस्टिशियल न्यूमोनिया) बरेचदा संधिवाताच्या कुळातल्या आजारांसोबत येतो आणि त्याच्या रक्ततपासण्या वेगळ्या असतात.

पुण्यातला फरक योगायोगही असू शकतो, आणि आत्ताचा आराम स्टेरॉइडचा आहे की कशाचा हे सांगता येणार नाही. कूलर आणि स्टेरॉइड दोन्हींत एकदम बदल केला तर श्रेय कोणाचं हे गुलदस्त्यात राहील. राहू द्या. ते सिद्ध करण्यासाठी बाबांना पुन्हा त्या हवेत बसवायचं नाही.

मग सीटी नाही तर कशाने कळणार, या भावाच्या प्रश्नाला उत्तर हवंच. डॉक्टरांनी सांगितलेली फुंकायची टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री. तिच्यातला एफव्हीसी हा आकडा पूर्ण श्वास भरून किती हवा बाहेर फुंकता येते ते सांगतो. सोबत डीएलसीओ झाली तर प्राणवायू रक्तात किती सहज उतरतो तेही कळतं, आणि अशा आजारात डीएलसीओ बरेचदा आधी खालावते. ती सगळीकडे होत नाही, म्हणून वेळ घेताना फोनवर विचारून घ्या. सरकारी मेडिकल कॉलेज किंवा मिहानच्या एम्समधल्या छातीच्या विभागातही चौकशी करा. एफव्हीसी मूळ आकड्याच्या दहा टक्क्यांनी घसरला तर ते गंभीरपणे घ्यायचं. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणं फुंकण्याच्या जोरावर असतं. म्हणूनच उपचारापूर्वीची स्पायरोमेट्री झाली नसेल तर तीन महिने न थांबता आत्ताच एक करून घ्या. तुलनेला पहिला आकडा लागतोच.

आणि भावाला कामाला लावा. दर रविवारी सकाळी त्याने बाबांना पाच मिनिटं शांत बसवून ऑक्सिमीटर लावावा. बोट कोमट असावं, नखाला मेंदी-रंग नसावा, आकडा अर्धा मिनिट स्थिर झाल्यावरच लिहावा. मग सोबत उभं राहून, हात न टेकता एक मिनिट खुर्चीतून उठ-बस करायला सांगावी. किती वेळा जमली आणि ऑक्सिजन किती खाली गेला, दोन्ही वहीत टिपावं. पहिल्यांदा डॉक्टरांना विचारून सुरू करा, गुडघे किंवा छाती दुखली तर लगेच थांबवा. बसल्या जागी ९५ आणि उठ-बस केल्यावर ८८ असं दर रविवारी दिसू लागलं, तर ते सीटीच्या आधी सांगेल.

यानंतरची सीटी कधी, तर जेव्हा तिच्या उत्तरावर काही ठरणार असेल तेव्हा : स्टेरॉइड कमी करताना दम वाढला, एफव्हीसी घसरला, व्रणावरचं औषध जोडायचं का हा प्रश्न आला, किंवा निदानच बदलतंय असं वाटलं. हे सहसा तीन ते सहा महिन्यांच्या टप्प्यावर येतं. त्या वेळी शक्यतो त्याच सेंटरवर, तशाच पद्धतीने करा. चिठ्ठीवर "एचआरसीटी चेस्ट, काँट्रास्टशिवाय, श्वास भरून आणि श्वास सोडून, गरज पडल्यास पालथं झोपवून" असं लिहून घ्या. श्वास सोडून काढलेल्या चित्रात निरोगी भाग राखाडी होतो आणि हवा कोंडलेला भाग काळाच राहतो, एचपीची ही महत्त्वाची खूण. ही चित्रं कमी मात्रेत निघतात. पालथं झोपवलं की पाठीकडची नुसत्या वजनाने आलेली सावली निघून जाते आणि खरी उरते. चिठ्ठीवर "घरात कूलर, पुण्यात आराम" एवढे चार शब्दही हवेत. रेडिओलॉजिस्टला बाबांची खिडकी दिसत नाही.

आधीचा आठवडाभर घरी आडवं झोपून श्वास पूर्ण भरून दहा-बारा सेकंद रोखण्याचा सराव करवा. सेंटरवर आत जाण्यापूर्वी दोन घोट कोमट पाणी, आणि खोकला येतो हे तंत्रज्ञाला आधीच सांगणं. ठसका लागला तर "पुन्हा घ्याल का" असं विचारायला संकोचू नका.

फिल्म आणि कागद पुरत नाहीत, सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा आणि त्यात पातळ काप आहेत ना ते तिथेच विचारा. एक ते दीड मिलिमीटरचे काप असतील तर तीस सेंटिमीटर छातीची दोनशे-तीनशे चित्रं होतात. साठ-सत्तरच असतील तर ते जाड काप, ग्राउंड ग्लास आणि जाळी त्यात नीट वेगळी होत नाही. जूनच्या सीटीचीही अशी सीडी आत्ताच आणून ठेवा, काही ठिकाणी जुना डेटा पुसला जातो.

ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं ते असं : ताप, दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढलेला दम, एकाएकी एका बाजूला छातीत कळ, खोकल्यातून रक्त, किंवा बसल्या जागी ऑक्सिजन ९० च्या खाली. तेव्हा एक्स-रे, सीटी, जे सांगतील ते त्याच दिवशी. स्टेरॉइड मध्येच सोडायचं नाही, ते उतरवायचं वेळापत्रक डॉक्टरच देतील. साखर आणि रक्तदाब तपासत राहा, आणि टीबीची तपासणी झाली आहे का ते विचारून घ्या.

पुढच्या भेटीला जाताना सीडी, रविवारची वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. आणि ताट्या टाकून देण्याआधी मोबाइलवर त्यांचा जवळून एक फोटो काढा. डॉक्टरांना पहिल्यांदा तो दाखवा.